रंग कड्यावर, उजेड खोहात

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तुम्ही इंदूरजवळ चोरलच्या बाजूला जंगलात गेलात. बरोबर कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आणि एक ५५-२५०. पोचेपर्यंत साडेदहा झाले होते. काढलेल्यांपैकी सात फोटो पाठवलेत आणि विचारलंत, की पानांवर पांढरे डाग आणि खाली मिट्ट काळोख असं का येतंय? काश्मीरच्या किंवा युरोपातल्या फोटोंत दिसतो तसा मऊ उजेड आणि पानांचे सुरुवातीचे रंग इंदूरजवळ कुठे, कधी मिळतील? आणि त्यासाठी कुठली लेन्स घ्यावी?

लेन्सचं शेवटी बोलू. आधी साडेदहाचं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य सव्वासहाच्या आसपास उगवतो. साडेदहाला तो ५० अंशांच्या वर चढलेला असतो, आणि पावसाळा नुकताच संपल्यामुळे हवा धुऊन काढल्यासारखी स्वच्छ असते. अशा वेळी सागाच्या जंगलात शिरलात की जमिनीवर कवडसेच कवडसे. कवडसा आणि त्याच्या शेजारची सावली यांत पाच-सहा स्टॉपचा फरक सहज पडतो. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, म्हणजे पाच-सहा स्टॉप म्हणजे ३२ ते ६४ पट. डोळा हा फरक पचवतो, कारण तो क्षणाक्षणाला जुळवून घेतो आणि मेंदू बाकीचं सांभाळून घेतो. फोटो एकाच एक्स्पोजरवर, म्हणजे एकदाच ठरवलेल्या उजेडाच्या मापावर निघतो. आजचे सेन्सर रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, एवढा फरक पकडतातही, नाही असं नाही, पण पकडलेला कवडसा संगणकावर दाबून खाली आणला की पानाला कोड फुटल्यासारखा दिसतो. तुमच्या दुसऱ्या आणि पाचव्या फोटोत नेमकं तेच झालंय. सॉफ्टवेअरवर राग काढू नका. तो उजेडच त्या कामाचा नव्हता.

हा धडा मी पैसे घालवून शिकलो. स्लाइड फिल्मचे दिवस होते. एका गिऱ्हाइकाला कॅलेंडरसाठी जंगलाचे बारा फोटो हवे होते. मी जानापावच्या डोंगरावर भर उन्हात दोन दिवस घालवले, कारण मला वाटायचं की ऊन म्हणजे रंग. स्लाइड फिल्मला जेमतेम पाच स्टॉप झेपायचे. रोल धुऊन आले, लाइट बॉक्सवर मांडले, आणि प्रत्येक चौकटीत पानांच्या जागी काचेसारखी भोकं. गिऱ्हाईक सज्जन होतं, काही बोललं नाही. फक्त कॅलेंडरवर शेवटी देवांचे फोटो छापले.

आता रंगांकडे येतो, कारण तिथे तुमची अपेक्षाच जरा आडवाटेला गेली आहे, आणि त्यात दोष आपल्या शाळेचा आहे. शाळेत ‘ऑटम’चा अर्थ शरद असा शिकवतात. पण आपला शरद हा पानगळीचा ऋतू नाहीच. आश्विन-कार्तिक म्हणजे निवळलेलं पाणी, स्वच्छ आभाळ, नदीकाठी फुललेला कास आणि कोजागिरीचं चांदणं. पानगळ आपल्याकडे शिशिराची. तिकडे झाडांना थंडी आणि लहान होत जाणारे दिवस पानं सोडायला लावतात. हिरवं द्रव्य मोडतं, खालचा आधीपासून असलेला पिवळा उघडा पडतो, आणि लखलखीत दिवस नि गार रात्री मिळाल्या तर काही झाडं लाल द्रव्य नव्यानं तयार करतात. माळव्याच्या कोरड्या पानझडी जंगलात मुख्य सूत्रं जमिनीतल्या ओलीच्या हाती आहेत. ओल संपत आली की झाड पानं सोडतं. म्हणून खरा रंगसोहळा आपल्याकडे उशिरा: धावडा थंडीत तांबूस-विटकरी होतो, साग जानेवारी-फेब्रुवारीत पिवळा पडून वाळतो, मग पळस, आणि मार्चमध्ये कोशिंबाची नवी पालवी इतकी लाल येते की परदेशी मेपललाही वरमायला लागावं. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरमध्ये जे मिळतं ते म्हणजे हिरवा रंग उतरायला लागण्याची पहिली खूण. ती बारीक असते. डोंगरभर शोधलीत तर दिसत नाही, गुडघ्यावर बसलात तर दिसते.

ओल आधी कुठे संपते, याचा विचार केलात की रंग कुठे शोधायचा हे आपोआप कळतं. विंध्याच्या कडेला, म्हणजे महू-सिमरोलच्या दक्षिणेला जिथे माळव्याचं पठार तुटून नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरतं, तिथे काळ्या बेसाल्टवर मातीचा थर कुठे वीतभर तर कुठे चार बोटं. पाऊस थांबून दहा-पंधरा दिवस झाले की ती माती सुकते. म्हणून पहिला रंग कड्याच्या धारेवर आणि कातळाच्या भेगांत उगवलेल्या झुडपांवर येतो. खाली नाल्याकाठी, खोहात म्हणजे खोल दरीत, झाडं अजून तीन-चार महिने हिरवीगार राहणार असतात.

कड्यावर पहिलं बदलतं ते गवत. रोशा गवताचे तुरे तांबूस होतात, आणि त्यातून चालताना वासानंच कळतं की कशातून चाललोय. कुसळी गवत पिवळं-तपकिरी होतं आणि तुमच्या मोज्यांत घर करतं. (जाड पँट घाला. मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी स्वतःच विसरतो.) मग कातळावरच्या धावड्याच्या रोपांची एखाद-दोन पानं. कांडोळाची मोठी पंजासारखी पानं इतरांच्या आधी पिवळी पडायला लागतात, आणि त्याचं पांढुरकं, कागदासारखी साल सुटणारं खोड मागे असलं की चित्र अर्धं तयार. स्थानिक लोक त्याला कुल्लू म्हणतात, वाटाड्याला तेच नाव सांगा.

आणि साग. तुमच्या पहिल्या फोटोखाली तुम्ही लिहिलंत की ‘साग आत्ताच वाळलाय, बहुतेक पाऊस कमी झाला.’ पाऊस ठीक होता. ती अळी आहे. एका लहानशा पतंगाच्या अळ्या पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून सागाच्या पानावर बसून शिरांच्या मधला हिरवा गर खरवडून खातात आणि शिरा तेवढ्या ठेवतात. जोर जास्त असला तर अख्खी टेकडी ऑक्टोबरमध्येच तपकिरी दिसते. झाड त्यानं सहसा मरत नाही, वाढ मात्र खुंटते. वनखात्याला ती कीड वाटते, आणि ते बरोबरच आहे. मला मात्र त्या पानांसारखा विषय वर्षभरात दुसरा सापडत नाही. लहानपणी आपण पिंपळाचं पान वहीत दडपून त्याची जाळी होण्याची वाट पाहायचो. इथे हातभर लांबीचं पान झाडावरच जाळी होऊन लटकत असतं.

गेल्या वर्षी असंच एक पान मी चाळीस मिनिटं पाहत बसलो होतो. चोरलच्या अलीकडच्या एका नाल्यात, सव्वासातची वेळ. पान अर्धं खाल्लेलं. देठाकडचा भाग हिरवा, टोकाकडे नुसती जाळी, आणि मध्ये जिथे अळी थांबली तिथे पिवळ्याची एक वेडीवाकडी किनार, साडीच्या काठासारखी. जाळीच्या एकेका घरात दवाचा थेंब. समोरून पाहिलं तर सगळं करडं दिसत होतं. मी पानाच्या खालून, नाल्याच्या तळाशी बसून वर पाहिलं, आणि पलीकडच्या उजळ आभाळासमोर शिरा काळ्याभोर, थेंब पांढरे, किनार मधासारखी. लेन्सचं छिद्र फ/८, शटर एक पंधरांश सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००. वारा शून्य होता म्हणून एक पंधरांश चाललं. तीन फोटो काढले आणि वारा आला.

इथे तुमच्या प्रश्नातली खरी गोम समोर येते. रंग कड्यावर आहे, उघड्यावर, जिथे ऊन सकाळी पहिल्यांदा पोचतं. मऊ उजेड खोहात आहे, जिथे सगळं अजून हिरवं आहे. दोन्ही एका जागी आणणं हेच या हंगामातलं सगळं कसब. बाकी कॅमेऱ्याची बटणं कुणीही शिकवेल.

पहिला मार्ग सरळ: कड्यावर सूर्याच्या आधी पोचा. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये सूर्योदयाआधी साधारण २२ मिनिटं काम करण्याजोगा उजेड असतो. तेव्हा अख्खं आभाळ हाच दिवा. दिवा जितका मोठा आणि सगळीकडून, तितकी सावली मऊ. उजेड मऊ होण्याचं कारण तेवढंच आहे, त्यात गूढ काही नाही. पण २२ मिनिटं म्हणजे फार नव्हेत. अंधारात जागा शोधण्यात ती जातात. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी जाऊन झुडूप ठरवून ठेवायचं.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, आणि त्याला फक्त तुमची मूठ लागते. हात समोर ताठ केला की बंद मूठ आभाळात साधारण १० अंश व्यापते, आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेली वीत साधारण २०. आपल्या अक्षांशावर या दिवसांत उगवल्यावर सूर्य तासाला १३-१४ अंश चढतो. म्हणजे एक मूठ म्हणजे पाऊण तास. आता पश्चिमेकडे उतरणाऱ्या सोंडेवर उभे राहा आणि पूर्वेला तुमच्या मागच्या डोंगराची धार क्षितिजाच्या किती मुठी वर आहे ते मोजा. दोन मुठी असेल तर सूर्योदयानंतर दीड तास तुम्ही सावलीत आहात. वर निळं आभाळ, ऊन नाही, माती मात्र पातळ, त्यामुळे रंग हजर. दुपारनंतर हेच उलटं: पूर्वेकडे उतरणारी बाजू चार-साडेचारपासून सावलीत जायला लागते. तुम्ही रविवारी साडेदहाला पोचूनही पश्चिमेच्या उतारावर, जिथे कडा सरळ उभा आहे तिथे, काहीतरी मिळवू शकला असतात. पण फार नाही.

तिसरी गोष्ट सांगतो ती पुस्तकात वाचून कळत नाही. खोहाच्या तळाशी सावली आहे आणि समोरच्या भिंतीवर ऊन पडलंय, अशी वेळ सकाळी तासभर मिळते. समोरची भिंत जर नागडा बेसाल्ट असेल तर उपयोग नाही, काळा दगड उजेड गिळतो. पण त्या उतारावर ऑक्टोबरचं पिकलेलं गवत असेल, तर ते उन्हात भला मोठा सोनेरी पडदा बनतं आणि उजेड परत फेकतं. तुम्ही सावलीत असता आणि पानांवर एका बाजूनं कोवळी, उबदार झाक येते. वरून आभाळाचा थंड निळसर उजेड, बाजूनं हा सोनेरी. एकाच पानावर दोन्ही. डोळ्याला चटकन जाणवत नाही. पांढरा रुमाल धरून पाहा, त्याची एक बाजू पिवळट दिसेल. रुमाल सांगतो तिकडे बसा.

ढग आणि धुकं यांचं थोडक्यात. पाऊस आपल्याकडून सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला निरोप घेतो, त्यानंतर ढगाळ दिवस मिळणं नशिबाचं. मिळाला तर सगळी कामं टाकून पळा, त्या दिवशी दुपारी बारालाही फोटो निघतात. धुकं मात्र ओळखता येतं: परतीच्या पावसाची सर येऊन गेली, रात्री आभाळ मोकळं झालं आणि वारा पडला, की पहाटे ओलावा असलेल्या सखल भागात धुकं धरतं आणि आठपर्यंत विरतं. धुक्यात कॅमेऱ्याचं मीटर फसतं. सगळं पांढरट पाहून ते फोटो करडा करतं, म्हणून अर्धा ते एक स्टॉप जास्त द्या.

आणि काहीच जमलं नाही तर धोतराचं पान. चेष्टा नाही. आजोबांचं जुनं, धुऊन धुऊन विरलेलं मलमलीसारखं धोतर माझ्या बॅगेत कायम असतं. दोघांनी दोन टोकं धरून झुडपावर ताणलं की कवडसे विरघळतात आणि हातभर जागेपुरतं ढगाळ आभाळ तयार होतं. विकतच्या गोल डिफ्यूजरपेक्षा ते मोठं असतं आणि घडी करून खिशात मावतं. शुभ्र पांढरंच हवं, पिवळसर पडलेलं नको, नाहीतर सगळी पानं आजारी दिसतात.

आता पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावून फिरवायचा, चमक काढणारा फिल्टर. तुमच्याकडे नाही असं दिसतंय, आणि तुमच्या तिसऱ्या फोटोची तक्रार पूर्णपणे त्याचीच आहे. तो फोटो सावलीत काढलाय, ऊन नाही, तरी पानं राखाडी आणि निस्तेज. कारण पानाचा पृष्ठभाग चकचकीत असतो आणि सावलीत तो वरचं निळं आभाळ आरशासारखा दाखवतो. रंगावर निळसर-पांढरी साय धरल्यासारखं होतं. पोलरायझर फिरवला की ती साय निघते. लोकांना वाटतं हा फिल्टर आभाळ गडद करण्यासाठी आहे. जंगलात तर फ्रेममध्ये आभाळ घ्यायचंच नसतं, आणि खरा उपयोग तिथेच आहे, त्यातही ओल्या पानांवर आणि ढगाळ दिवशी. डोळा व्ह्यूफाइंडरला लावून हळूहळू फिरवा. एका जागी तपकिरी पान अचानक तांब्यासारखं होईल. तिथून किंचित मागे या. पूर्ण चमक काढली की पानं पुठ्ठ्याची वाटतात, थोडी ओल दिसली पाहिजे. याची किंमत म्हणजे दीड ते दोन स्टॉप उजेड जातो. म्हणून ट्रायपॉड.

ट्रायपॉडबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत, म्हणजे तो नाही. सावलीतल्या जंगलात, पोलरायझर लावून, फ/८ किंवा फ/११ ला शटर अर्ध्या सेकंदापर्यंत सहज जातं. हातात धरून होणार नाही. आयएसओ चढवून होईल, पण बारीक शिरा आणि केसाळ गवत यांत दाणे पहिल्यांदा दिसतात. ट्रायपॉडचा दुसरा फायदा मोठा आहे: तो तुम्हाला हळू करतो. इंदूरच्या रामबागेत माझ्या लहानपणी शेजारी एक चित्रकार राहायचे. चित्रकलेच्या देवळालीकर मास्तरांनी ज्या शहरात बेंद्रे, हुसेन, डी. जे. जोशी या चित्रकारांना शिकवलं, त्या शहरात असे शेजारी नवलाचे नव्हते. ते बाहेर चित्र काढायला गेले की पहिला अर्धा तास घडीच्या स्टुलावर नुसते बसायचे. मला तेव्हा वाटायचं की यांना काही सुचत नाहीये.

वारा हा जंगलातला दुसरा शत्रू. सूर्य उतारावर पडून जमीन तापायला लागली की हवा वर सरकते, आणि साडेआठच्या सुमारास पानं हलायला लागतात. तेव्हा शटर हळू ठेवण्याचा हट्ट सोडा, आयएसओ ८०० करा, एक साठांशच्या वर जा. किंवा थांबा. वारा झुळकीझुळकीनं येतो, मध्ये तीन-चार सेकंद श्वास धरतो. टायमरऐवजी रिमोट वापरलात तर तो श्वास पकडता येतो.

एक्स्पोजरसाठी एकच सवय लावून घ्या: हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, तिन्ही रंगांचा वेगवेगळा पाहा. तांबूस पान असेल तर एकत्रित आलेख ठीक दिसतो आणि लाल एकटाच भिंतीला धडकलेला असतो. मग पानाच्या जागी सपाट लाल डाग, शिरा गायब. एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप कमी करा. रॉमध्ये काढा, हे सांगायची गरज नसावी. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची थंड-उबदार छटा जुळवणारी सोय, ऑटोवर ठेवू नका, प्रत्येक फोटोत तो वेगळं ठरवतो. सावलीत ६००० ते ६५०० केल्विनवर कायम ठेवा, घरी येऊन एकदाच सगळ्यांचं दुरुस्त करा. मी निळसरपणा पूर्ण काढत नाही. पहाट थंड असते, ती फोटोतही थोडी थंड राहू दे.

संगणकावर एकच चूक सगळे करतात, तुम्हीही सहाव्या फोटोत केलीत: सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, ओढलंत. त्यानं बदललेलं पान आणि न बदललेलं पान दोन्ही सारखेच भडक झाले, आणि ज्या बारीक फरकासाठी गेलो तोच बुडाला. उलट करा. जंगलाचा जो रंग आपल्याला हिरवा वाटतो, तो सॉफ्टवेअरच्या लेखी बराचसा पिवळ्यात मोडतो. हिरव्याची पट्टी सरकवून काही होत नाही असं वाटतं ते म्हणूनच. हिरव्या नि पिवळ्याचं सॅच्युरेशन थोडं खाली आणा, नारिंगीला हात लावू नका. हिरवा मागे सरकला की तांबूस आपोआप पुढे येतो.

मोबाइलवाल्यांसाठी दोन वाक्यं, कारण बरोबर आलेले मित्र नेहमी विचारतात. पानावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर अडकवा आणि उजेड थोडा खाली ओढा. पोलराइज्ड गॉगल असेल तर त्याची काच लेन्सपुढे धरून फिरवा, काम करतं.

कुठे जायचं? चोरल आणि सिमरोलचा घाट तुम्हाला माहीत आहेच. पाताळपाणी ते कालाकुंडच्या पट्ट्यात रंग आणि खोह दोन्ही जवळजवळ आहेत, आणि परतताना कालाकुंडला खाखऱ्याच्या पानावर कलाकंद मिळाला तर सकाळ वसूल. खाखरा म्हणजे आपला पळस. जानापावचा माथा गवतासाठी, तिंछा आणि काजलीगडचे कडे पश्चिमेच्या सावलीसाठी. रालामंडळ शहराला लागून आहे, पण अभयारण्याच्या वेळा पाळाव्या लागतात, त्यामुळे पहाटेचं काम तिथे होत नाही. मांडूच्या गोरखचिंचा नोव्हेंबरसाठी राखून ठेवा. एकटे जाऊ नका. या पट्ट्यात बिबटे आहेत, आणि अंधारात कड्याच्या धारेवर ओल्या गवतावरून पाय घसरायला बिबट्याही लागत नाही. वरच्या बाजूला पाऊस दिसत असेल तर नाल्यात उतरू नका, पाणी आवाज न करता वाढतं. पोहे-जिलबी परत आल्यावर. पाचला निघायचं तर वाटेत थांबून चालणार नाही, तिथे अर्धा तास जातोच.

आणि लेन्स. घेऊ नका. तुमची ५५-२५० याच कामाची आहे. १०० ते २०० मिलिमीटरमध्ये दोन-चार फांद्या, एक खोड, गवताचा एक तुकडा वेगळा काढता येतो, आणि आभाळ बाहेर ठेवता येतं. तुम्ही सातही फोटो १८ ते २४ मध्ये काढलेत, म्हणून प्रत्येकात सगळंच आहे आणि पाहावं असं काही नाही. लेन्सचे पैसे पोलरायझर आणि बऱ्यापैकी जड ट्रायपॉडमध्ये घाला. पोलरायझर ५५-२५० च्या तोंडाच्या मापाचा घ्या, हलका-स्वस्त नको, त्यानं रंगांना हिरवट छटा येते.

एक गोष्ट राहिली. तुमच्या चौथ्या फोटोत मध्यभागी धबधबा आहे, तो सोडून द्या. डावीकडे खालच्या कोपऱ्यात, कातळाच्या भेगेत, धावड्याचं वीतभर रोप आहे. मोठं करून पाहा. त्याची तीन पानं तांबूस झालीयेत, बाकी हिरवी, आणि ती जागा साडेदहालाही सावलीत होती, म्हणजे मागचा कडा उंच आहे. या शनिवारी पहाटे तिथे जा, बाकी कशाचाही फोटो काढू नका. पुढच्या आठवड्यापर्यंत थांबलात तर तीनची सात-आठ झालेली असतील. तेही चांगलं दिसेल, पण मला तीनचंच पाहायचंय.